सहाव्या तुतीखालची सावड

ही गोष्ट ऐकीव नाही. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही.

माझ्या सख्ख्या चुलत बहिणीच्या बाबतीत हे घडलंय. तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, की तिचा आवाजही कापला नाही. नुसती दमलेली दिसत होती. म्हणूनच माझा विश्वास बसला.

अशा गोष्टींमध्ये रात्र असते, अमावस्या असते. इथं तसलं काही नाही.

एप्रिल २०२३. मंगळवार. दुपारचा पाऊण वाजला होता. डोक्यावर एक्केचाळीस डिग्री ऊन.

जागा, आपलं छत्रपती संभाजीनगर. जुन्या शहरातली एक बाग. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून लेकरं खेळायला जातात.

तनुजाताईचं माहेर देवगाव रंगारी. सासर म्हणाल तर पुंडलिकनगरातल्या दोन खोल्या. नवरा शिवराज कन्नडकडं साखर कारखान्यात, फक्त रविवारी घरी यायचा. घरात ताई आणि तिची सासू मनकर्णाबाई. मनकर्णाबाईंना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली. मानसुद्धा उशीवरून उचलता यायची नाही. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं.

त्यांना भरवायचं. पुसून काढायचं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर तीन तासांनी कूस बदलायची. दिवसाही, रात्रीही.

तीन वर्षं.

आणि सकाळी दहाला कामावर हजर. दुपारी शेजारच्या आवडाबाई किल्लीनं दार उघडून म्हातारीला चार घास भरवून जायच्या. बाकी सगळं ताईच्या अंगावर.

ताई म्हणते, "मला त्या वर्षी आरशात बघितलेलं आठवतच नाही."

तिचं काम होतं झाडं मोजायचं. शहरातल्या जुन्या झाडांची नोंद चालू होती. झाड पन्नास वर्षांच्या वरचं निघालं की त्याला हेरिटेज म्हणून नंबर मिळतो. मग कुणी उठून त्याला कुऱ्हाड लावू शकत नाही. खोडाभोवती छातीच्या उंचीला टेप धरायची, घेर लिहायचा, त्यावरून वय काढायचं. फोटो काढायचा. पुढच्या झाडाकडं जायचं.

त्या बागेत तुतीची सहा झाडं होती. एका ओळीत. बागेच्या त्या कडेनं रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून सहाही झाडं आडवी येत होती.

"तुती काय झाड असतं का मॅडम?" सुपरवायझर फोनवर म्हणाला होता. "झुडूप लिहा आणि मोकळ्या व्हा."

ताईनं जाऊन पाहिलं. ते झुडूप नव्हतंच.

खोडं एका माणसाच्या कवेत न मावणारी. पाल्यासाठी वर्षानुवर्षं एकाच उंचीवर छाटलेली, त्यामुळं प्रत्येक खोडाच्या माथ्यावर मोठमोठ्या गाठी आलेल्या. मुठी आवळल्यासारख्या. छाटणी थांबून कितीतरी वर्षं झाली असतील, कारण त्या मुठींतून आता मांडीएवढ्या फांद्या वर गेल्या होत्या. ओळीच्या शेवटी, सहाव्या झाडाच्या मागं, दगडी भिंतींची एक लांबट खोली होती. छप्पर नसलेली.

बागेचा वॉचमन इलियासभाई साठीचा माणूस. त्यानंच माहिती दिली.

"पहले ये पूरा तूत का बाग था ताई. आता सहाच राहिले. ती भिंत दिसती ना, तिथं किड्यांचं घर होतं. रेशमाच्या. इथलं रेशीम हिमरूच्या शाली विणणाऱ्यांकडं जायचं म्हणं, निजामाच्या टायमाला. माझी अम्मी सांगती."

"म्हणजे शंभराच्या वर वय असेल झाडांचं."

"असंल की. जुन्या नहरीचं, कालव्याचं पाणी पिलेली झाडं हायेत ही." मग तो जरा थांबला. "पाच आज मोजून घ्या. सहावं उद्या सकाळी मोजा. दुपारच्या, जोहरच्या अजानच्या टायमाला तिकडं थांबू नका."

"का?"

"ऊन लागतं."

ताईला हसू आलं. ऊन तर सगळ्या शहरात होतं.

तिची जोडीदारीण त्या दिवशी सुट्टीवर होती. टेपचं टोक पलीकडून धरायला कुणी नव्हतं. ताईनं टोक सेफ्टी पिननं सालीत अडकवलं आणि एकटीनंच एकेक झाड उरकलं. पाच झाडांखाली फळांचा सडा पडला होता. चपलेचे तळवे जांभळे झाले. माश्या घोंगावत होत्या, मुंगळ्यांच्या रांगा लागल्या होत्या, वर बुलबुलांची भांडणं चालली होती.

उद्या परत कोण येतंय, असा विचार करून ती सहाव्याकडं गेली.

आणि तिच्या लक्षात आलं…

खाली एकही फळ नव्हतं.

झाड फळांनी लगडलेलं. काळी, टपोरी फळं. पण जमीन साफ. नुकतीच झाडून घेतल्यासारखी. माशी नाही. मुंगळा नाही. चार पावलांवर कालवा करणारे बुलबुल या झाडावर बसत नव्हते.

ताईनं पिन काढली. साल इतकी जाड की पिन आत जाईना. मग तिनं टेपचं टोक खोडाच्या मागून फेकलं आणि दुसऱ्या बाजूनं हात घालून चाचपडू लागली. हात पोचत नव्हता. गाल खोडाला टेकला होता.

तेवढ्यात…

टोक तिच्या तळहातावर ठेवलं गेलं.

हळूच. आणि तिची बोटं त्यावर मिटवली गेली, लहान लेकराच्या हातात वस्तू देतात तशी.

"थँक्यू इलियासभाई," ताई म्हणाली आणि आकडा वाचला. तीन मीटर दहा. तो लिहून घेतला.

मग तिनं मान वर केली.

इलियासभाई लांब गेटजवळच्या नळावर नमाजाआधी वजूचे हातपाय धूत होता. पाठमोरा.

ताई खोडाला वळसा घालून मागं गेली. कुणी नव्हतं. बिनछपराच्या खोलीतून मात्र पावसाचा आवाज येत होता.

सर्र… सर्र… सर्र…

तिनं हात पुढं केला. हात कोरडाच. वर निळं, रिकामं आभाळ.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गावाकडं माझ्या वडिलांनी रेशमाचं शेड टाकलंय. अळ्या मोठ्या झाल्या की हजारो तोंडं एकाच वेळी पाला कुरतडतात, आणि शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. ताई लहान मुलांना मुद्दाम तो ऐकवायला न्यायची.

तिनं खोलीत डोकावलं. दगड. गवत. आवाज बंद.

आणि पाठीमागून…

"बाई… जरा हात लावता का?"

गावाकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सरपण असो, गवताचा भारा असो, बाई एकटी असली तर तिला तो डोक्यावर घेता येत नाही. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही ती म्हणते, जरा हात लावा. आणि कुणीही नाही म्हणत नाही.

ताईसुद्धा विचार न करता वळली. वाकली.

झाडाखाली टोपलं होतं. तुतीच्या पाल्यानं शिगोशीग भरलेलं. एका कडेला ताईचे हात. समोरच्या कडेला दुसरे दोन हात. बोटांची टोकं पाल्याच्या चिकानं काळी पडलेली, नखं झिजलेली.

ताईनं टोपलं उचललं. आधी हलकं वाटलं. मग इतकं जड झालं की तिच्या गुडघ्यातून कळ गेली. मग वजन एकदम गेलं.

कानाजवळ एक लांब सुस्कारा.

"बरं झालं बाई… आता घरी जाते."

ताईनं समोर पाहिलं तेव्हा टोपलं नव्हतं. हात नव्हते. अजान सुरू झाली होती.

ती घाबरली का? मी विचारलं तिला.

"घाबरायला पण अंगात जोर लागतो रे," ती म्हणाली. "मी पाणी प्याले. ऊन लागलं असं समजले. पुढच्या बागेत गेले."

संध्याकाळी घरी आली तर आवडाबाई दारातच.

"यायचं होतं तर मला सांगायचं ना गं. मी दीडला ताट घेऊन आले तर म्हातारीचं जेवण झालेलं."

"मी कुठं आले?"

"मग कोण आलं? कूस बदललेली, चादर बदललेली, केस विंचरलेले. म्हातारी म्हणली, तनुजानं भरवलं."

ताई आत गेली. मनकर्णाबाई स्वच्छ चादरीवर पडल्या होत्या. केसांची बारीक वेणी घातलेली. ताईनं कधीच वेणी घातली नव्हती. तिला तेवढा वेळच नसायचा.

"आत्याबाई, दुपारी कोण आलं होतं?"

"तूच की," म्हातारी जड जिभेनं म्हणाली. "आज घाई नव्हती तुला."

ताई कपडे भिजवायला वळली. मग तिच्या लक्षात आलं की धुवायच्या चादरीसुद्धा धुऊन वाळत घातल्या आहेत. आज करायला काहीच नाही.

ती जाऊन आडवी झाली.

मनकर्णाबाईंनी त्या रात्री एकदाही हाक मारली नाही. ताई सकाळी उठली तेव्हा सहा वाजले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा ती सलग झोपली होती.

आता पुढचं जे आहे ते ताईनं मला मान खाली घालून सांगितलं.

बुधवारी तिचं त्या बागेत काही काम नव्हतं. मोजणी झाली होती. तरी ती गेली. पाऊण वाजता.

सहाव्या झाडाखाली उभी राहिली.

"बाई… जरा हात लावता का?"

तिनं हात लावला.

गावाकडं सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात येते. हिशेब नाही, कागद नाही. कुणी कुणावर उपकार करत नाही. ताईनं मनाची तीच समजूत घातली. मी तिचं टोपलं उचलून देते, ती माझं घर करते. कुणाचं काय वाईट होतंय?

गुरुवारी गेली. शुक्रवारी गेली. आवडाबाईंना सांगितलं, दुपारचं येऊ नका, मी बघते.

घर लख्ख. म्हातारी शांत. ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी व्हायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी मनकर्णाबाईंनी वरणभात तोंडात घेतला नाही.

"पोट भरलंय."

"काय खाल्लं दुपारी?"

त्या नुसत्या हसल्या. ओठांच्या कडा हिरव्या होत्या. दातांच्या फटीत हिरवं काहीतरी. ताईनं ओल्या फडक्यानं पुसलं. फडक्यावर डाग पडला…

तिनं फडकं धुतलं आणि वाळत घातलं.

"तुला कळलं नव्हतं?" मी विचारलं.

"कळलं होतं," ताई म्हणाली. "पण कळून घ्यायचं त्राण नव्हतं. मला आणखी एक दिवस झोपायचं होतं. फक्त एक."

शनिवारीही ती गेली.

रविवारी सकाळी शिवराज आला. ताई चहा टाकत होती, तेवढ्यात तो आतून ओरडला.

"तनुजा! अगं ये लवकर! आई मान उचलतीय!"

ताई कपबशी हातात घेऊनच धावत गेली. शिवराजच्या डोळ्यांत पाणी. आईच्या पायाशी बसून तो हसत होता.

मनकर्णाबाईंची मान उशीपासून वीतभर वर उचललेली होती. तीन वर्षांत न उचललेली मान. नजर छताला. आणि मान हळूहळू डुलत होती. डावीकडून उजवीकडं… मग परत… हवेत कुणी आठाचा आकडा गिरवतंय तशी.

"बघ ना, कसा जोर आलाय मानेत," शिवराज म्हणाला.

ताईच्या हातातून कपबशी पडून फुटली.

माझ्या वडिलांच्या शेडमध्ये तिनं हे शंभरदा पाहिलं होतं. अळीचं पोट भरलं की ती पाला सोडते. खाणं बंद करते. डोकं वर उचलते आणि अशीच डुलायला लागते, आठ काढत. मग स्वतःभोवती धागा घेते. कोष पूर्ण झाला की आम्ही तो विकतो, आणि पुढं कोष उकळत्या पाण्यात टाकतात.

शिवराजला तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार? तो संध्याकाळच्या गाडीनं कन्नडला गेला. आई सुधारतेय म्हणून खुशीत गेला.

सोमवारी सकाळी अकराला ताईनं बाग गाठली.

इलियासभाईनं तिचा चेहरा बघितला आणि झाडू बाजूला ठेवला.

"हात लावला तुम्ही?"

ताईनं होय अशी मान हलवली.

"कितीदा?"

"पाचदा."

"या अल्ला," तो म्हणाला. "मी बोललो होतो ना ताई."

बागेच्या मागंच त्याचं घर. तो तिला आईकडं घेऊन गेला. नजमुन्निसा म्हणजे पंच्याऐंशीच्या पुढची म्हातारी, बाजेवर बसून लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकलं. हात थांबवला नाही.

"माझी सासू जायची तिथं पाला तोडायला," ती म्हणाली. "तिनं आपल्या डोळ्यानं बघितलं व्हतं त्या बाईला. जिवंतपणी. किड्यांची शेवटची भूक लई मोठी असती बेटी. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मुकादम फाटकाला कडी लावायचा. कुणाला घरी सोडायचा नाय."

"आणि ती?"

"तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. दुसरं कुणीच नाय. रोज मुकादमाच्या पाया पडायची, एक घडी सोडा, घास भरवून येते. सोडलं नाय त्यानं. नवव्या दिवशी फाटक उघडलं."

नजमुन्निसानं सोलणं थांबवलं. लसणाची एक पाकळी हातातच राहिली.

"घरी जाऊन काय बघितलं ते तिलाच ठाऊक. परत आली. त्याच झाडाखाली बसली अन् पाला तोडाय लागली. किडे संपले व्हते, काम संपलं व्हतं. तरी तोडतच राहिली. तिथंच गेली. टोपलं कुणी उचलून दिलं की ती मोकळी होती. मोकळी झाली की घरी जाती, राहिलेलं भरवायला. जिनं हात लावला तिच्या घरी."

"ती वाईट नाही," ताई म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"वाईट कुठं म्हणलं मी? पण बेटी… तिला आता भरवायचं एवढंच ठाऊक हाय. कुणाला भरवतीय ते नाय ठाऊक."

"तिचं नाव काय होतं?"

"सासूनं सांगितलं नाय. का सांगितलं अन् मी इसरले."

"थांबवायचं कसं?"

नजमुन्निसानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "आम्ही कुणी हातच लावला नाय कधी. मला काय ठाऊक?"

ताई रस्त्यावर आली. मोबाइलमध्ये बारा वीस झाले होते.

आज हात लावला नाही तर ती येणारच नाही, असं तिनं आधी धरलं होतं. पण मग तिला आठवलं, काल रविवार होता. काल ती बागेत गेली नव्हती. तरी आज सकाळी म्हातारीच्या उशीखाली पाल्याचे देठ होते. ताजे.

तिनं रिक्षा केली.

घरात शिरली तेव्हा पाऊण व्हायला पाच मिनिटं कमी होती. मनकर्णाबाई डुलत होत्या. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं म्हाताऱ्या सासूचं डोकं दोन्ही हातांनी मांडीवर घेतलं. हातात डोकं डुलायचं थांबेना.

बाहेर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. वरच्या मजल्यावर टीव्ही. गल्लीत भंगारवाल्याची आरोळी.

मग मिक्सर थांबला.

टीव्ही थांबला.

आरोळी अर्ध्यातच तुटली.

सर्र… सर्र… सर्र…

भर उन्हात, बंद खिडकीच्या खोलीत, पाऊस.

चादरीचं टोक सुरकुतलं होतं. ताईच्या डोळ्यांदेखत ते सरळ झालं. कुणीतरी हात फिरवून नीट खोचावं तसं गादीखाली गेलं. उशाजवळचा तांब्या हलला, पुसला गेल्यासारखा फिरला, जागेवर बसला. हिरवा, कच्चा वास आला. नुकत्याच तोडलेल्या पाल्याचा.

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. घरट्यातल्या पिल्लासारखं.

ताईनं त्यांच्या तोंडावर आपला तळहात ठेवला.

तिच्या हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं. गार. मऊ. बोटं होती. त्यांनी ताईचा हात बाजूला सारायचा प्रयत्न केला. जोर नव्हता त्यात. झटापट नव्हती. नुसती सवय होती. हजारदा केलेलं काम, आणखी एकदा.

"नको," ताई म्हणाली. "माझं माणूस आहे. मी भरवते."

बोटं थांबली.

"सावड फिटली आपली. तुम्ही माझं केलं, मी तुमचं केलं. आता येऊ नका."

सर्र… सर्र…

"मग बाई…" आवाज अगदी कानाशी आला. थकलेला, जुना. "माझं टोपलं कोण उचलील?"

 ताईला देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. खोटं बोलायचंही सुचलं नाही.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला नाही जमत हो. मी पण दमलीय."



मग पलंगाची दुसरी कड दबली. कुणीतरी बसलं होतं. गादीत खळगा पडला. ताईच्या खांद्याला खांदा टेकल्यासारखं झालं. दोघी तशाच बसून राहिल्या, म्हातारीला मधे घेऊन. किती वेळ ते ताईला सांगता येत नाही.

"व्हय," आवाज आला. "दिसतंय की."

खळगा हळूहळू भरून आला.

मिक्सर सुरू झाला. भंगारवाल्याची आरोळी पुरी झाली. मनकर्णाबाईंची मान ताईच्या मांडीवर धपकन पडली, जड झाली, पहिल्यासारखी. त्यांनी ताईकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भूक लागली."

ताईनं वरणभात कालवला. पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला.

मंगळवारी सहा झाडांचे फॉर्म द्यायचे होते. सहाव्यासमोर "झुडूप" लिहिलं असतं तर दोन महिन्यांत ते मुळासकट गेलं असतं. सुपरवायझरला तेच हवं होतं. ताईच्या हातात पेन होतं.

तिनं लिहिलं. तुती. घेर तीन मीटर दहा. वय अंदाजे शंभराच्या वर. हेरिटेज.

"का गं?" मी विचारलं. "गेलं असतं तर बरं नसतं झालं?"

"झाड गेलं तर ती कुठं बसेल?" ताई म्हणाली.

सहाही झाडं उभी आहेत. रस्ता पलीकडून वळवला म्हणे. खोडांवर पत्र्याचे नंबर ठोकलेत. ताईनं ते काम पावसाळ्याआधी सोडलं आणि घराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागली. दुपारी घरी येऊन जाता येतं म्हणून. डोळ्यांखालची वर्तुळं परत आली आहेत. आधीपेक्षा गडद.

मी हे सगळं लिहून ठेवलं असतं आणि विसरलो असतो. दमलेल्या बाईला उन्हात भास झाले, असं म्हणून सोडून दिलं असतं.

पण गेल्या महिन्यात काही कामासाठी शहरात गेलो होतो. दुपारचं ताईकडं डोकावलो. ती सासूला भरवत होती. मी दाराशी स्टूलवर बसलो.

मनकर्णाबाईंनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला तोंड मिटलं.

"आत्याबाई, आ करा."

म्हातारीनं मान फिरवली. आणि जड जिभेनं, पण एकेक शब्द मला कळेल असं म्हणाली, "तुझा हात खरबरीत लागतो. ती कवा यायची? तिला बलव."

 ताई घास तसाच धरून बसली.

"तिला घाई नसायची," म्हातारी म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "तिला बलव की गं."

मी ताईकडं पाहिलं. मला वाटलं ती रागावेल, निदान दचकेल तरी.

ती घड्याळाकडं बघत होती. पाऊण वाजायला पाच मिनिटं होती. आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ना… ती भीती नव्हती.